त्रेचाळीस साच्यांतली वाचणारी

मी एक जुनी मोकळी जागा आहे. मित्रांनो, हसू नका. मोकळ्या जागेलाही आयुष्य असते, आणि मला तर रागही आहे. तो लपवून गोडगोड गोष्ट सांगणे मला जमणार नाही.

संगणकवाले मला व्हेरिएबल म्हणतात. दोन महिरपी कंसांच्या मध्ये माझे नाव लिहिलेले असते: वाचणारी. माझे वय चार वर्षे. तुम्हाला ते कमी वाटेल, पण संगणकाच्या जगात चार वर्षांची जागा म्हणजे पणजीच.

माझा जन्म डोळ्यांच्या दवाखान्यात झाला, तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत. खोलीत दोन टेबले आणि एक कुरकुरणारा प्रिंटर. खिडकीला बाहेरून कोणाची ना कोणाची सायकल टेकवलेली, त्यामुळे दिवसाही दिवा लावावा लागे. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरी जाताना इथून एक पत्र मिळे. थेंब कधी घालायचे, डोके कधी धुवायचे, परत कधी यायचे, असे सगळे त्यात असे. पूर्वी ते मोठ्या सिस्टर हाताने लिहीत. मग एआय आले. ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पत्र लिहून देई. पण काय लिहायचे, किती लिहायचे आणि कोणासाठी लिहायचे, हे त्याला दर वेळी सांगावे लागे. तेच तेच रोज कोण सांगत बसणार? म्हणून त्या सूचनांचे साचे करून ठेवले. मोतिबिंदूचा एक, काचबिंदूचा एक, पडद्याच्या शस्त्रक्रियेचा एक. असे करता करता त्रेचाळीस साचे झाले.

गोंधळ असा, की 'कोणासाठी' हे प्रत्येक साच्यात निराळे होते. एकात 'सोप्या भाषेत', दुसऱ्यात 'थोडक्यात', तिसऱ्यात काहीच नाही. मोठ्या सिस्टर वैतागल्या.

"एकाच माणसाची त्रेचाळीस वेळा ओळख करून द्यायची? आणि दर वेळी वेगळी? एकदा नीट लिहू आणि सगळीकडे नुसतं तिचं नाव घालू."

त्यांनी आपल्या थोरल्या जाऊबाईंना डोळ्यांसमोर आणले आणि माझ्यात लिहिले: 'सत्तरीची बाई. घरी एकटी. चष्म्याशिवाय वाचत नाही. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. कोणता थेंब, किती वाजता, कोणत्या डोळ्यात, हे वेगवेगळ्या ओळींत लिहा. कशाला घाबरायचे आणि कशाला नाही, ते स्पष्ट सांगा.'

तेव्हापासून मी लिहिलेली एका ठिकाणी होते आणि नांदत होते त्रेचाळीस ठिकाणी. एकदा एका आजोबांनी ३ चा आकडा ८ वाचला. सिस्टरनी माझ्यात एकच वाक्य वाढवले, 'आकडा अक्षरांतही लिहा.' दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळ्या पत्रांत 'तीन' दिसू लागले. एकही साचा उघडावा लागला नाही.

ती माझी चांगली वर्षे. समोरच्या टेबलावरच्या कारकूनबाई म्हणायच्या, "सिस्टर, पत्र कळलं नाही म्हणून येणारे फोन निम्मे झाले हो! आता चहा गरम असताना पिता येतो." सिस्टर दररोज पाच पत्रे स्वतः वाचून पाहत आणि मगच खुर्चीवरून उठत. त्या वेळी मला वाटे, हे असेच चालायचे.

मग सिस्टर निवृत्त झाल्या. पाच पत्रे वाचायचे काम कोणाकडे गेले? कोणाकडेच नाही. नवे साहेब आले. माणूस टापटीप, हातात सदा दोन फोन. दवाखान्यात बाहेरगावचे डोळ्यांचे डॉक्टर येणार होते आणि त्यांच्यासाठी साहेबांना एक माहितीपत्रक हवे होते. त्यांनी मोतिबिंदूचा साचा उचलला आणि मूळ साचा बिघडू नये म्हणून त्याची प्रत केली. इथवर शहाणपणा होता. मग त्या प्रतीत त्यांना मी दिसले. प्रत आपली, तेव्हा आतली जागाही आपलीच, असे ते धरून चालले. त्यांनी मला उघडले, सत्तरीची बाई पुसली आणि लिहिले, 'नेत्रतज्ज्ञ डॉक्टर. प्राथमिक गोष्टी सांगू नयेत.'

मित्रांनो, प्रतीतही मी तीच होते. त्या घटकेला त्रेचाळीस साच्यांतली बाई गेली आणि तिच्या जागी डॉक्टर बसला. अकरा दिवस! मला ओरडायला तोंड नव्हते.

कारकूनबाईंच्या लक्षात आले होते. त्या म्हणाल्याही, "साहेब, हल्लीची पत्रं जरा जड वाटतात हो."

"जड नाही, भारदस्त. दवाखान्याला शोभतात."

कारकूनबाई एकदा बोलल्या आणि मग गप्प बसल्या. माझा राग त्यांच्यावरही आहे.

त्या अकरा दिवसांत एका शिंप्याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ, घरी एकटे, अजून सुईत दोरा स्वतः ओवणारे. त्यांच्या हाती पत्र पडले, 'शस्त्रक्रियोत्तर दाहशामक द्रावणाची मात्रा क्रमशः घटवावी.' आणि एक ओळ त्यात नव्हतीच. ती दर वेळी असायची, 'डोळा लाल झाला किंवा दुखू लागला, तर वाट पाहू नका. लगेच या.' तज्ज्ञाला हे कशाला सांगायचे? ती प्राथमिक गोष्ट!

पुढचे सगळे मला त्यांच्या मुलीकडून कळले, कारण ती पत्र घेऊन तडक आमच्या खोलीत आली.

"चौथ्या दिवशी डोळा लाल झाला. पाचव्या दिवशी ठणकायला लागला. बाबांनी हे पत्र तीन वेळा वाचलं. लाल झाल्याबद्दल यात काही नाही, म्हणजे घाबरण्यासारखं काही नसेल, असं समजून ते बसून राहिले. रविवारी मी गेले तेव्हा डोळा उघडत नव्हता. तुमचे डॉक्टर म्हणाले, लाल झाला त्याच दिवशी आणलं असतं, तर नजर वाचवता आली असती."

त्या डोळ्याला आता खिडकी दिसते. सुई दिसत नाही.

साहेब म्हणाले, "ताई, हे एआय आहे. कधी कधी काहीही लिहितं."

खोटे! साफ खोटे! एआयने मी सांगितले तेच लिहिले, आणि मी साहेबांनी भरले तेच सांगितले. कारकूनबाईंच्या मनात काय आले कोण जाणे, त्यांनी संगणकातल्या जुन्या नोंदींतून माझा पुसलेला मजकूर तारखांसह उघडून पडदा त्या मुलीकडे वळवला. तिने तो मोठ्याने वाचला. सत्तरीची बाई. घरी एकटी. एका वाक्यात एकच गोष्ट.

"हे चार वर्षं इथे होतं? मग माझ्या बाबांच्या वेळी कोणी काढलं?"

"मी तर कॉपी केली होती," साहेब पुटपुटले.

"साच्याची कॉपी केलीत, साहेब," कारकूनबाई म्हणाल्या. "ही जागा सगळ्यांची एकच आहे. तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं मी."

जुना मजकूर परत माझ्यात आला. मग ती मुलगी म्हणाली, "अजून एक लिहा. बाबांनी फोन का केला नाही, माहितीये? एवढ्या शिकलेल्या माणसांनी लिहिलंय आणि मला कळत नाही, हे सांगायची त्यांना लाज वाटली."

कारकूनबाईंनी टंकले, 'न समजल्यास विचारायला लाजते. विचारावे लागू नये असे लिहा.'

ते वाक्य आता माझ्यात आहे. चार वर्षांतले माझे सर्वांत चांगले वाक्य, आणि ते ज्या किमतीला मिळाले तिचा मला संताप येतो. मला कोणी शिक्षा केली नाही, साहेबांनाही नाही. त्या अकरा दिवसांतल्या इतर पत्रांचे काय झाले, हे विचारायला मात्र कारकूनबाई आता रोज फोन लावत असतात. चहा गार होतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, साचे कराल, माझ्यासारख्या जागा कराल. एकदा लिहिलेले दहा ठिकाणी वापराल. जरूर वापरा, त्यासाठीच आमचा जन्म आहे. पण आम्हाला हात लावण्याआधी आम्ही कुठे कुठे आहोत ते पाहा. वेगळे काही हवे असेल, तर नवी जागा करा आणि तिला नवे नाव द्या. त्याला दोन मिनिटे लागतात. साहेबांनी तीच दोन मिनिटे वाचवली, आणि त्यांत एका शिंप्याच्या डोळ्याला सुई दिसेनाशी झाली.