आधी पाळणाघर

लाइटवाले तिला पाठीमागे ‘मिरची’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही. सोळाव्या वर्षी नाचणाऱ्या मुलींच्या शेवटच्या रांगेत उभी राहिलेली ती, तिशीच्या आत पोस्टरवर नायकाच्या बरोबरीने झळकू लागली. मी तिची हेअरड्रेसर.

माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून तिला कपडेपटात शालींच्या ढिगावर निजवायची. एका दुपारी, शॉट ऐन रंगात आलेला असताना, तिने भोकाड पसरलं. निर्मात्याने मला सगळ्यांदेखत सुनावलं, “उद्यापासून पोर आणायची असेल तर तूही येऊ नकोस!”

मिरची खुर्चीवरून उठली. पुढच्या शॉटसाठी मी घालत असलेला अर्धा अंबाडा तसाच लोंबत होता.

“मग मीही येत नाही. इथे घोड्यांना तबेला आहे, पोरांना एक खोली नाही?”

“दुसऱ्याचं लचांड तू कशाला गळ्यात घेतेस?”

“गळा माझा आहे.”

आठवड्यात तिच्या जागी दुसरी आली. मग फोनच वाजेनासा झाला. तिची थोरली बहीण रोज तिचं डोकं खायची, “अगं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?” मिरचीने दिवाणखान्यातले सोफे बाहेर काढले, सतरंज्या अंथरल्या आणि स्टुडिओतल्या बायकांना निरोप धाडला : पोरं माझ्याकडे ठेवा. महिन्याभरात अकरा पोरं झाली. मी त्यांना सांभाळायला लागले. बहीण तोंडाने बडबडत राहिली आणि हाताने दुपटी धूत राहिली.

तीन वर्षांनी तोच निर्माता दारात उभा. नायिकेच्या आईची भूमिका होती. ‘आई’ हा शब्द त्याने जरा चाचरतच उच्चारला.

“आई तर आई,” ती म्हणाली. “पण स्टुडिओत आधी पाळणाघर, मग शूटिंग.”

“फारच ताठा आहे हं तुला.”

“आहेच. खोली कधी दाखवताय?”

त्याने सामानाची एक कोंदट खोली रिकामी करून दिली. “भिंतीत खिडकी पाडा,” म्हणून ती पायरीवर बसली, ती गवंडी आल्यावरच उठली.

पुढची वीस वर्षं ती पडद्यावर आईच्याच भूमिका करत राहिली, आणि भांडून भांडून पाच स्टुडिओंत पाळणाघरं उघडली. सत्काराचं बोलावणं आलं की एकच विचारायची, “तुमच्याकडे पाळणाघर आहे?”

नाही म्हटलं, की जायची नाही.