सरांशी डाव

शिवांजलीने पटावरून हात लांबवून घड्याळाकडे बोट दाखवले. समोर बसलेले जोतीराम सर दचकले आणि त्यांनी घाईने कळ दाबली. चाल करून, कळ न दाबताच ते पाच मिनिटे तिच्याच खेळीची वाट पाहत बसले होते, आणि वेळ त्यांचा जात होता. असे तिसऱ्यांदा झाले.

सांगलीतल्या बुद्धिबळ स्पर्धेची ही चौथी फेरी. सरांचे मानांकन अठराशे नव्वद, तिचे चौदाशे तीस. घोडा कसा चालतो, हे उंब्रजला त्यांच्याच ओसरीवर ती शिकली होती. पंधरा वर्षांत त्यांच्याविरुद्ध तिने एकही डाव जिंकला नव्हता.

चोविसाव्या चालीला सरांनी वजीर उचलला, बराच वेळ हातात धरला आणि तिच्या उंटाच्या वाटेत नेऊन ठेवला. तिने पट दोनदा तपासला. सापळा कुठेच नव्हता.

“सर, बरोबरी घ्यायची?”

“खेळ गं,” ते हसले. “बरोबरी मागायला शिकवलंय व्हय मी?”

तिने वजीर मारला नाही. कडेचे एक प्यादे उगाच पुढे सरकवले आणि सरांच्या हाताकडे पाहत राहिली. हात वजिरावरून गेला, थांबला नाही. त्यांनी पलीकडच्या कोपऱ्यातला हत्ती हलवला.

आता काही करण्यासारखे उरले नव्हते. तिने उंट उचलला.

वजिराच्या जागी आलेल्या उंटाकडे सर बराच वेळ बघत होते. मग त्यांनी राजा हळूच आडवा केला.

दाराबाहेर सरांच्या पत्नी रंगूबाई पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. सर चपला शोधायला वळले, तसा त्यांनी शिवांजलीचा दंड धरला.

“मागल्या महिन्यात दोनदा घरची वाट चुकलं बग हे. माझं नावबी एकदा इसरलं. पर पटावर बसलं की समदं ध्यानात असतंय, म्हनून आनलं.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “कोन जिंकलं?”

सरच मागून म्हणाले, “ही जिंकली. लय भारी खेळली.”

रंगूबाईंचा हात दंडावरून निघाला नाही.

“तू भारी खेळलीस, म्हनूनच जिंकलीस न्हवं?”

“व्हय, काकू,” ती म्हणाली. “मी लय भारी खेळले आज.”