बाबांची झापड

चष्म्याच्या दुकानात ती भिंगाच्या कडा घासत होती, तेवढ्यात बाबांचा फोन आला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना पंधरा दिवस शुश्रूषा केंद्रात ठेवलं होतं. उभं आयुष्य छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेलं. कुरकुर करणं स्वभावातच नव्हतं.

"बरंय गं सगळं. दुपारी तेवढं, सिस्टरनी गोळ्या दिल्या की झापड पडते. मग तासभर काही सुचत नाही."

"काय पडते?"

"झापड. रोजचंच आहे. तू नको मनावर घेऊस."

मशीन बंद करून तिने मालकांना सांगितलं, "बाबांना मारतायत तिथे," आणि मिळेल ती बस पकडली.

सिस्टर टेबलापाशी काहीतरी लिहीत होत्या. पन्नाशीच्या, धिप्पाड. तिने पर्सही खाली ठेवली नाही.

"माझ्या बाबांवर हात उचलता तुम्ही?"

सिस्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. "कोण म्हणतं?"

"ते स्वतः!"

"चला. त्यांच्यासमोरच होऊन जाऊ दे."

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, हनुवटी छातीला टेकलेली. तिने त्यांचा चेहरा हातांत धरून उजेडाकडे वळवला.

"कुठल्या गालावर?"

"काय कुठल्या गालावर?"

"झापड!"

बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे. आणि त्यांना असं काही हसू फुटलं की ऑपरेशनचा गुडघा दोन्ही हातांनी धरावा लागला.

"अगं वेडाबाई, गालावर नाही, डोळ्यांवर! पेंग येते, पेंग! माझ्या आईचा शब्द आहे. छापखान्यातही जेवणानंतर झापड पडली की आम्ही आधी चहा मागवायचो. नाहीतर 'भाव'चा 'वभा' व्हायचा."

ती मटकन पलंगावर बसली. मग रडली, हसली, पुन्हा रडली.

"सिस्टर, मी काय वाट्टेल ते बोलले. माफ करा."

"पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच असा आळ आला माझ्यावर," सिस्टर बाहीने डोळे टिपत म्हणाल्या. मग एकदम थांबल्या. "पण काका, रोज तासभर? मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की परवा."

"ते होय! मला वाटलं, खिडकीची झडप पडते म्हणताय. मी सुताराला निरोपसुद्धा दिलाय!"

आता तिघंही हसायला लागले. शेजारच्या खोलीतल्या आजी काठी टेकत बघायला आल्या.

हसू ओसरल्यावर सिस्टरनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कागद चाळले, बाबांना तपासलं आणि दुखण्यावरची गोळी निम्मी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला तेव्हा बाबांचा आवाज टवटवीत होता.

"पटकन बोल हं," ते म्हणाले. "पत्ते वाटून झालेत. शेजारच्या आजी भलत्याच लबाड आहेत, क्षणभर नजर हटवून चालत नाही."