हॅना समुद्रात मेली नव्हती

“गवत कापलं म्हणून कुणाला त्या गवताखाली जागा मिळत नसते, डेल्बर्ट.”

ऑगस्टा स्किल्बेकबाईंनी हे वाक्य दफनभूमीच्या फाटकात उभं राहून टाकलं, आज हवा बरी आहे म्हणावं इतक्या सहज. टॅबीचे आजोबा गवत कापायच्या यंत्रावर बसले होते. त्यांनी यंत्र बंद केलं आणि टोपी मागे सरकवली.

“परत सांग. ऐकू आलं, पण परत सांग. वाईट बोलणं तुझ्या तोंडी फार शोभतं.”

टॅबी भिंतीशी तण उपटत होती. वय सोळा, उंची आजोबांपेक्षा दोन बोटं जास्त. गेल्या महिन्यात शाळेच्या वादविवादात पहिली आल्यापासून तिची खात्रीच झाली होती की तिच्याशी वाद घालून जिंकेल असं माणूस आता पेनसिल्व्हेनियात तरी उरलेलं नाही.

या टेकडीवर जोनास स्किल्बेक १६९९ साली इंग्लंडमधल्या यॉर्कशरहून बायकामुलं घेऊन आला होता. ही जागा त्यानंच क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या इथल्या बैठकीला, म्हणजे उपासकांच्या मंडळाला, दिली आणि देताना लिहून ठेवलं, की इथं बैठकीचे सभासद आणि माझ्या वंशातली माणसं पुरावीत, दुसरं कुणी नाही. इथं कुणाच्या कुटुंबाचा वेगळा कोपरा नसतो. जो ज्या क्रमानं मरेल तो त्या क्रमानं रांगेत. न्यायाधीश असो नाहीतर गवळी, दगड गुडघ्याएवढा, त्यावर नाव आणि साल, संपलं. अकरा वर्षांपूर्वी टॅबीची आजी रूथ त्या रांगेत गेली, कारण ती सभासद होती. आजोबा नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी इथलं गवत कापलं, रविवारी मागच्या बाकावर गप्प बसले, पण सभासदत्वाचा अर्ज म्हणून कधी केला नाही.

“अर्ज कर की,” ऑगस्टाबाई म्हणाल्या. “बैठक विचार करेल.”

“स्वतःच्या घरात शिरायला मी दार वाजवू? मी हॅनाचा आहे. जोनासच्या हॅनाचा.”

“हॅना समुद्रात मेली. येताना, जहाजावर, नवव्या वर्षी. माझ्या पणजोबांनी वंशावळीत छापलंय.”

“आमच्या घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर घराण्याची नावं आहेत. तिथं ती इव्हन प्रॉसरची बायको आहे. तिला चार पोरं आहेत.”

“मेलेल्या मुलीला चार पोरं,” ऑगस्टाबाई म्हणाल्या. “प्रॉसरांकडून दुसरी काय अपेक्षा ठेवायची.”

डॉक्टरांनी वसंतात आजोबांच्या हृदयाबद्दल जे सांगितलं होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं. ऑगस्टाबाईंनाही माहीत होतं. म्हणूनच टॅबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“पुढच्या कामकाजाच्या बैठकीत मी पुरावा आणते,” ती म्हणाली.

ऑगस्टाबाईंनी तिच्या मातीनं भरलेल्या हातांकडे पाहिलं. “आण. नखं धुऊन आण.”

जुन्या बैठकांच्या वह्या कॉलेजच्या ग्रंथालयात, तळघरात ठेवलेल्या असत. शाळा सुटली की टॅबी तडक तिथं. ग्रंथपालबाईंनी तिचं पेन काढून घेतलं, हातात पेन्सिल दिली आणि मान न वळवता सांगितलं की पानांवर शिंकायचंसुद्धा नाही. पहिले दोन दिवस तर तारखांनीच खाल्ले. त्या लोकांना महिन्यांना देवदेवतांची नावं देणं पसंत नव्हतं, म्हणून नुसतं पहिला महिना, दुसरा महिना. त्यात पहिला महिना म्हणजे मार्च. टॅबीनं बोटांवर मोजून मोजून डोकं पिकवून घेतलं.

यॉर्कशरच्या वहीची नक्कलही तिथंच होती. त्यात जोनास सापडला. धंदा मोजे विणण्याचा. न्यायाधीशासमोर टोपी काढली नाही आणि त्याला तोंडावर ‘तू’ म्हणाला, म्हणून पाच महिने तुरुंग. चर्चचा कर दिला नाही म्हणून एक गाय, दोन पातेली आणि मोज्यांच्या बारा जोड्या जप्त. सुटून आल्यावर पुन्हा टोपी काढली नाही. पुन्हा तुरुंग. टॅबीला हा माणूस भयंकर आवडला. याच्या पोटी ऑगस्टाबाई कशा निपजल्या हे मात्र कोडंच होतं.

आणि मग दाखला. शाळा सोडताना देतात ना, अगदी तसाच. जोनासच्या यॉर्कशरच्या बैठकीनं इथल्या बैठकीला लिहिलं होतं की हा माणूस सचोटीचा आहे, कुणाचं देणं मागे ठेवून येत नाहीये, बायको ॲग्नेस आणि पाच मुलं बरोबर आहेत. टॅबीनं लगेच इथली वही उघडली. सातवा महिना, १६९९. “दाखला वाचला. जोनास, ॲग्नेस आणि त्यांची पाचही मुले आपल्यात येऊन बसली.” खाली नावं होती. पहिलं जोसाया. दुसरं हॅना.

पाचही. म्हणजे जहाज किनाऱ्याला लागलं होतं आणि समुद्रानं गिळलेली हॅना आपल्या दोन पायांनी चालत येऊन बाकावर बसली होती. टॅबीनं पानाचा फोटो काढला आणि वही मिटून पळत सुटली. पुढचं पान तिनं उलटलंच नाही.

क्वेकरांत पाद्री नसतो, ते एकमेकांना ‘मित्र’ म्हणतात, आणि त्यांची कामकाजाची बैठकसुद्धा शांततेनं सुरू होते. सगळे डोळे मिटून बसतात आणि ज्याला आतून काही बोलावंसं वाटेल तो उठून बोलतो. हात वर करून मतं मोजायची पद्धत नाही. सगळ्यांचं मन एक झालं तरच ठराव होतो. एकच माणूस आडवं आलं की गाडी तिथंच थांबते, मग ती वर्षभर थांबली तरी चालते.

त्या शांततेत टॅबी उठली आणि ओरडली. खरंच ओरडली.

“हॅना समुद्रात मेली नव्हती. तुम्ही खोटं बोललात, ऑगस्टाबाई. तुमचे पणजोबा तर छापून खोटं बोलले.”

फोटो हातोहात फिरला. चिटणीस एनॉक पाइल यांनी चष्मा पुसून तो दोनदा पाहिला. ऑगस्टाबाईंनी पाहिलाच नाही. त्यांनी पर्स उघडली, घडी केलेला एक कागद काढला आणि विचारलं, “पुढची पानं वाचलीस?”

टॅबीनं नकारार्थी मान हलवली.

“१७११. ऐक. ‘हॅना स्किल्बेक हिने आपल्यात नसलेल्या एका माणसाशी पाद्र्यासमोर लग्न लावल्याचे तिचा भाऊ जोसाया याने कळवले. तिला बैठकीबाहेर काढण्यात येत आहे.’” त्यांनी कागदाची पुन्हा तंतोतंत तशीच घडी घातली. “बाहेर काढलेल्यांचा वंश बैठकीच्या लेखी नाही. मला मान्य नाही, एनॉक.”

“तुम्हाला माहीत होतं,” टॅबी म्हणाली. “सगळं माहीत होतं तुम्हाला.”

“माझ्या आजीनं सांगितलं होतं. चारचौघांत ओरडायला नव्हतं सांगितलं.” मग त्या चिटणिसांकडे वळल्या. “या मुलीनं शांतता मोडली आणि मला खोटारडी म्हटलं. जुन्या रीतीनं तिनं कबुलीचा कागद लिहावा. तो वाचून होईपर्यंत सगळ्यांसमोर उभं राहावं. डेल्बर्टचं काय ते त्यानंतर बघू.”

गाडीत बसल्यावर आजोबा म्हणाले, “छान ओरडलीस. मागच्या बाकापर्यंत स्पष्ट आलं.”

“मी सगळं घाण केलं ना, आजोबा?”

“हो.”

त्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. भिंतीपलीकडे रूथआजीची रांग दिसत होती. तिच्या पुढं सहा दगड आणि मग मोकळं गवत.

“तो कागद लिहायचा नाहीस तू,” ते म्हणाले. “माझ्यासाठी तर मुळीच नाही. त्या बाईसमोर माझी नात मान खाली घालून उभी राहणार असेल, तर मला रस्त्याकडेला पुरलं तरी चालेल.”

“आणि आजी?”

आजोबांनी किल्ली फिरवली. घरी येऊन त्यांनी संध्याकाळी चार वाजता स्क्रॅपलच्या, म्हणजे डुकराचं मांस आणि मक्याचं पीठ थापून केलेल्या, पाच जाड वड्या तळल्या, डुकराच्या चरबीत, डॉक्टरांना वाकुल्या दाखवाव्यात तशा, आणि एकट्यानं संपवल्या. टॅबीला विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी टॅबी पुन्हा तळघरात. या वेळी तिनं १७११ पासून एकेक पान वाचायला घेतलं. कुणी घोडा उधळवला, कुणी पिऊन आला, कुणी शेजाऱ्याचं कुंपण सरकवलं. डोळे चुरचुरायला लागले तरी तिनं एक ओळ सोडली नाही. शुक्रवारी १७१९ लागलं आणि त्यात कबुलीचा एक कागद जसाच्या तसा उतरवलेला होता.

“मी मित्रांना त्रास दिला याचे मला दुःख आहे. पाद्र्यासमोर उभी राहिले हेही चुकले असेल. पण इव्हनला नवरा केला याचे दुःख मला होत नाही, आणि होत नसलेले दुःख मी लिहिणार नाही. माझी मुलगी चार वर्षांची होती. तिला माझ्या बापाजवळ जागा द्या. हॅना प्रॉसर.”

खाली एकच ओळ. “कागदाने समाधान झाले नाही.”

टॅबीनं ती ओळ उतरवून घेतली. तिच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक केव्हा मोडलं ते तिला कळलं नाही. मग तिनं पान उलटलं. आता ती पान उलटल्याशिवाय राहणारच नव्हती.

“रांगेच्या शेवटी एक लहान कबर परवानगीवाचून खणलेली आढळली. ती उकरावी असे जोसाया स्किल्बेक याने सुचवले. मित्रांना ते करवले नाही. लेकरू जोनासच्या रक्ताचे आहे, भिंतीच्या आत आहे, आणि तिथेच राहील.”

“काही हवंय का?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“नको,” टॅबी म्हणाली. “मिळालं.”

पुढच्या बैठकीत टॅबी उभी राहिली. नखं धुतलेली होती. मागच्या बाकावर आजोबा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले होते, कारण तिनं त्यांचं ऐकलं नव्हतं आणि त्यांनी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला होता. एनॉक पाइल वाचायला लागले.

“‘मी शांततेत ओरडले, ते चुकलं. पुढची पानं न वाचता ओरडले, ते त्याहून चुकलं. ऑगस्टाबाईंना खोटारडी म्हटलं याचं दुःख मला होत नाही, आणि होत नसलेलं दुःख मी लिहिणार नाही.’”

एनॉक थांबले. चष्म्यावरून त्यांनी टॅबीकडे पाहिलं, मग ऑगस्टाबाईंकडे, आणि घसा खाकरून पुढं वाचलं. पुढं हॅनाचा कागद होता. त्याच्यापुढं लेकराच्या कबरीची नोंद. आजोबांनी खिडकीकडून तोंड वळवलं.

वाचून झाल्यावर सगळ्यांनी डोळे मिटले. टॅबीला बस म्हणून कुणी सांगितलं नाही. एक मधमाशी आत आली, सगळी बाकं हिंडून बाहेर गेली. शेवटी पुढच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, “लेकरू आत आहे, तर मग आपण कोणती भिंत राखतोय?” कुणीतरी म्हणालं, “माझ्याही मनात तेच.” आणखी एक जण तेच बोलला. मग सगळे थांबले, कारण गाडी कुठं अडणार ते सगळ्यांना ठाऊक होतं.

“ऑगस्टा?” एनॉकनी विचारलं.

ऑगस्टाबाई काठी धरून उठल्या. “कागदानं माझं समाधान झालेलं नाही.”

एनॉकनी लिहायला पेन उचललं.

“उद्धट कागद आहे. मुलगी उद्धट आहे, हिची ती हॅनाही उद्धट होती.” त्यांनी एक श्वास घेतला. “पण उकरायला सांगणारा जोसाया माझा पूर्वज होता, आणि हे मला आजीनं सांगितलं नव्हतं. मी जोसाया नाही. मी आडवी येत नाही. मला मान्य नाही असं मात्र लिही, एनॉक. दोनदा लिही.”

एनॉकनी दोनदा लिहिलं.

बाहेर आल्यावर टॅबीला गप्प राहवेना. “म्हणजे आता तुम्ही माझ्या आत्याआजी लागता.”

“कुणाला सांगू नकोस,” ऑगस्टाबाई म्हणाल्या.

आजोबा भिंतीवर कोपर टेकून रांगेच्या टोकाकडे बघत उभे होते. “ऑगस्टे,” ते म्हणाले, “डॉक्टरांचं खरं धरलं तर पुढची जागा माझी. आणि माझ्या शेजारी कोण, तर माझ्यानंतर जो जाईल तो. तुझं वय काय गं आता? एक्याऐंशी?”

ऑगस्टाबाईंनी रांगेकडे पाहिलं. मग आजोबांकडे. हा विचार त्यांच्या डोक्यात पहिल्यांदाच येत होता आणि तो येताना स्वच्छ दिसत होता.

“मी तुझ्यानंतर दहा वर्षं जगेन,” त्या म्हणाल्या. “मध्ये भरपूर माणसं येतील.”

“आणि तू आधी गेलीस तर मी वीस जगेन.”

“तुझ्या हृदयाला विचारलंस का?”

“आपल्या दोघांच्या मध्ये निदान एक तरी माणूस हवं,” आजोबा म्हणाले आणि दोघांनी एकदमच एनॉक पाइल यांच्याकडे पाहिलं. एनॉक घाईघाईनं आपल्या गाडीकडे निघाले.

सोमवारी सकाळी टॅबी शाळेला निघाली तेव्हा ऑगस्टाबाई काठी बगलेत मारून टेकडी चढत होत्या, झपाझप, दात ओठ खात. टॅबीनं धावत घरात जाऊन ही बातमी दिली. आजोबांनी चुलीवरच्या तव्याकडे पाहिलं, त्यात नुकत्याच टाकलेल्या स्क्रॅपलकडे पाहिलं, आणि सगळं उचलून कुत्र्याच्या थाळीत रिकामं केलं.

“ते डॉक्टरांचे ओट्स कुठं ठेवलेत?” ते खेकसले.