डाव्या हाताची लापशी

मी एक जुनी लाकडी काठी आहे. ओटची लापशी ढवळण्यापलीकडे मला काही येत नाही, पण त्याचाच मला चांगला तोरा होता. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या आमच्या बेटावर झाडं मोजकीच. वादळात पडलेल्या एका झाडाच्या फांदीतून कॅलमने मला तासून काढलं आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या बायकोच्या, इफीच्या हातात दिलं.

मित्रांनो, एक्कावन्न वर्षं इफीने मला रोज सकाळी हातात घेतलं. आदल्या दिवशी भिजवलेले ओट, चिमूटभर मीठ आणि पुरता अर्धा तास ढवळणं. तेही उजव्याच हाताने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. डाव्या हाताने ढवळलं तर घराचं वाईट होतं, असं इथे मानतात. कॅलम गेला त्या सकाळीही तिने आलेल्या माणसांना लापशी वाढली.

गेल्या हिवाळ्यात इफीला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. भाची कर्स्टी शहरातून आली आणि तिने सगळं काम अंगावर घेतलं. मी फळीवर धूळ खात पडले. मग इस्पितळातली नर्स म्हणाली, "गुरुवारी येऊन पाहते. स्वतःची न्याहारी स्वतः करता आली, तर राहा घरी. नाहीतर वृद्धाश्रम." वृद्धाश्रम बोटीने दोन तासांवर होता.

शेजारीण मर्डीना झटपट ओटचा डबा घेऊन आली.

"दोन मिनिटांत होते बघ, इफी."

"दोन मिनिटांत अंडं उकडत नाही, आणि म्हणे लापशी! तुझ्या मेंढ्यांना घाल."

"मेंढ्या खातात गं. त्यांना तुझ्याएवढी मिजास नाही."

"आणि ढवळू कोणत्या हाताने? डाव्या?"

"तिकडे वृद्धाश्रमात तुला कोणत्याच हाताने ढवळू देणार नाहीत."

इफीने डबा ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने डब्यातले ओट शिजत घातले, मला डाव्या हातात धरलं आणि सवयीने अर्धा तास ढवळत राहिली. लापशीची खळ झाली. पातेलं करपलं.

"राहू दे आत्या, मी करते," म्हणत कर्स्टीने मला तिच्या मुठीतून सोडवून घेतलं.

खरं सांगते, ती झटपट लापशी बिघडली म्हणून मी मनातून खूश झाले होते. पण इफी खुर्चीत बसून रडू लागली, आणि मला माझीच लाज वाटली.

गुरुवारी नर्स आली. इफीने पातेल्यात पाणी ओतलं, थोडं शेगडीवर सांडलं. कर्स्टी पुढे धावली, तसा मर्डीनाने तिचा दंड धरला. डबा उघडायला इफीला फार वेळ लागला. मग तिने ओट घातले आणि डाव्या हाताने मला फिरवायला लागली. या वेळी दोन मिनिटांनी थांबली. मीठ टाकलं आणि उभ्यानेच खाल्लं.

"कशी झाली, इफीबाई?" नर्सने विचारलं.

"बेचव. पण उद्याही करीन."

नर्सने कागदावर सही केली. इफी घरीच राहिली.

आता मला रोज दोनच मिनिटं मिळतात. तेवढी पुरतात. मित्रांनो, तुमच्या घरातल्या थकलेल्या माणसाचं काम जमेल तेवढं सोपं करून द्या. पण ते त्याच्या हातातून काढून घेऊ नका.