मी थॅरोल, शब्द कोशातला

मी एक शब्द बोलतोय. अजून माझी छाती धडधडतेय. शब्दाला छाती नसते म्हणा, पण झालं ते ऐकलंत तर तुम्हीही मान्य कराल.

'थॅरोल' माझं नाव. दार वाजवण्याआधी आतलं बोलणं ऐकत क्षणभर थांबणं, हा माझा अर्थ. मी इंग्रजी, पण सगळं आयुष्य मराठी अर्थाला टेकून गेलं, त्यामुळे तुमची भाषा मला येते.

मी राहतो तो कोश एका बाईंनी केला. कथा-कादंबऱ्यांत अवचित समोर येणारे, वाचकाची वाट अडवणारे इंग्रजी शब्द त्यांनी नोकरी सांभाळून, जेवणाच्या टेबलावर वर्षानुवर्षं गोळा केले. प्रत्येकाला अर्थ दिला आणि साहित्यात तो कसा येतो ते दाखवणारं एक वाक्य. माझ्या वर समुद्राशी नातं सांगणारा 'थॅलॅसिक', खाली चमत्कार करून दाखवणारा 'थॉमटर्ज'. दोघांच्या वाक्यांपुढे पुस्तकांची नावं, माझ्यापुढे मात्र 'एक जुनी कथा' एवढंच. मला वाटायचं, आपलं घराणंच इतकं जुनं की नावसुद्धा पुसलं गेलं. मी त्यावर मिरवायचो.

तसं मला विचारायला कुणी फिरकत नसे. माणसं कोश उघडतात, हवा तो शब्द बघतात आणि शेजारच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. अपवाद बाईंच्या लेकीचा. कुठलंही पान उघडून वाचत बसायची तिला खोड. पुढे ती इंग्रजीत कथा लिहू लागली, तेव्हा तिनं एका कथेत मला घेतलं. कथा मासिकात छापून आली. आईला मात्र तिनं दाखवली नाही.

मग बाजारात दुसरा कोश आला. अर्थाची वाक्यं जरा फिरवलेली, बाकी सगळं बाईंचंच, वर नाव भलत्याचं. शिवाय स्वस्त. बाईंच्या कष्टांवर कुणीतरी उघड डल्ला मारला होता.

बाई वकिलांकडे गेल्या. सोबत लेक. समोर त्या दुसऱ्या कोशाचा प्रकाशक ऐसपैस बसलेला. बाईंनी दोन्ही कोश उघडून माझ्यावर बोट ठेवलं.

"हा शब्द इंग्रजीत नाहीच," त्या म्हणाल्या. "मी घरी बसून बनवला. कुणी आख्खा कोश उचलला तर पकडता यावा, म्हणून काही कोशकार असा एक खोटा शब्द घालून ठेवतात. तो खोटा आहे हे मी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नाही."

मी थिजलो. खोटा? मी? ना घराणं, ना ती जुनी कथा. उंदरासाठी पावाचा तुकडा ठेवावा तसं मला त्या पानावर ठेवलं होतं. वरच्या-खालच्यांकडे बघायचीही मला लाज वाटली. पण त्या खोलीत माझ्याहून जास्त हादरलेलं कुणी होतं. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

प्रकाशकानं शांतपणे बॅगेतून मासिक काढलं. "आम्हाला हा शब्द या कथेत मिळाला, बाई. बघा ना, छापलेला आहे."

बाईंनी कथा वाचली. लेखिकेचं नाव वाचलं. मग मान वळवून शेजारी बघितलं.

"मला खरंच माहीत नव्हतं गं, आई," लेक कसंबसं म्हणाली. "तुझ्या कोशात होता, म्हणून दुसरीकडे बघितलाच नाही."

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मुलीनं तो तुमच्याकडून घेतला, हे खरं असेलही. पण आता याच्या जोरावर चोरी सिद्ध करणं अवघड आहे."

बाईंची सगळी मेहनत तिथल्या तिथे पाण्यात गेली. आणि ती बुडवायला मीच कारण झालो होतो.

जिन्यात बाई थांबल्या. मला वाटलं, आता लेकीची खरडपट्टी निघणार.

"कथा छापून आली, तर मला का नाही दाखवलीस?"

"तू चुका काढशील म्हणून."

बाई दोन पायऱ्या उतरल्या. मग म्हणाल्या, "वाक्य चांगलं आहे. मी बनवलं होतं त्याहून बरं."



आता कोशाची नवी आवृत्ती निघतेय. मला काढून टाकतील अशी धास्ती होती, पण बाईंनी मला ठेवलं. माझ्यापुढे लेकीचं वाक्य घातलं, तिच्या नावासकट. म्हणजे मी खरा झालो म्हणे. मला ते अजून पचलेलं नाही.

बाईंनी नवा सापळाही लावलाय. या वेळी दोघींनी मिळून शब्द बनवला. तो माझ्या पुढच्याच पानावर असतो, मोठ्या रुबाबात. तुम्हाला कधी भेटला तर एवढी कृपा करा, त्याच्यासमोर यातलं काही बोलू नका. त्याला अजून माहीत नाही.