सगळ्यांना त्याचं नाव

माझा नवरा फार नीटनेटका आहे. अशा माणसाला कॉम्प्युटरपासून लांब ठेवावं, हे मला परवा कळलं.

सासूबाईंना दिसत नाही. धाकटा दीर अपघातात गेला, तेव्हापासून दुपारी जेवण उरकलं की त्या कॉटवर पडून त्याची गाणी ऐकतात. तो मागच्या खोलीत गायचा आणि स्वतःच रेकॉर्ड करायचा. गळा बेताचाच होता, पण आईला त्याचं काय. त्यांचा प्लेयर आधी गाण्याचं नाव बोलतो, मग गाणं लावतो, त्यामुळे हवं ते त्या स्वतः निवडतात. दिवसभरात तेवढा एकच वेळ त्यांचा चेहरा सैल पडतो.

परवा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "गाणं कुणाचं ते हे मेलं सांगतच नाही. सगळ्या गाण्यांना त्याचं नाव लाव."

नवऱ्याने कॉम्प्युटरवर गाण्यांचं सॉफ्टवेअर उघडलं, सगळी गाणी एकदम निवडली आणि 'नाव' लिहिलेल्या रकान्यात टाइप केलं, बुटक्या. दीर सहा फुटी, म्हणून घरात तो बुटक्या. खाली 'गायक' असा वेगळा रकाना होता, तो याला दिसलाच नाही. आईने नाव लाव म्हटलं, याने नाव लावलं. झाली सगळी गाणी एका नावाची.

मग सॉफ्टवेअरने विचारलं, एकाच नावाची जास्तीची गाणी काढून टाकू का? याला वाटलं बरंच झालं, बुटक्या एकेक गाणं दहादा रेकॉर्ड करायचा. हो म्हणाला. कचरापेटीही रिकामी केली, कारण भरलेली त्याला बघवत नाही. वर प्लेयर कॉम्प्युटरला जोडला, तर तिथलीही पुसली गेली.

मी कामावरून आले तेव्हा तो पडद्यासमोर बसून होता.

"जरा बघतेस का," म्हणाला. "एकच दिसतंय."

मी 'मागे घ्या' दाबून पाहिलं, ते बटण मख्ख. दिराच्या फोनवर गाणी असती, पण फोनचा अपघातातच चुरा झालेला. पुसलेल्या फायली परत आणणारा प्रोग्राम लावला, त्याने नावं तेवढी शोधून आणली. बुटक्या, बुटक्या, पानभर बुटक्या. आत नुसती खरखर.

"दोन ओळी वाचायला काय धाड भरली होती तुला?" मी म्हणाले. आणखीही बरंच बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आतून हाक आली. "झालं का रे? लाव की."

नवरा प्लेयर घेऊन आत गेला. मी मागोमाग.

"बुटक्या," प्लेयर बोलला. सासूबाई हसल्या. मग दोन ओळी, आणि गाणं मध्येच थांबलं. उरलेली फाईल नेमकी फसलेल्या रेकॉर्डिंगची होती. दिराचा आवाज आला, "आई, दार लोट ना गं, बाहेरचा आवाज येतोय."

सासूबाई उठल्या. भिंत चाचपत गेल्या आणि दार लोटलं.

"लोटलं रे," म्हणाल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"बुटक्या," प्लेयर पुन्हा बोलला. पुन्हा त्याच दोन ओळी.

"हे नको. पुढचं लाव."

"पुढचं नाहीये, आई," नवरा म्हणाला. "नाव लावताना माझ्या हातून बाकीची पुसली गेली. परत नाही यायची."

त्या दाराला धरून उभ्या होत्या. त्या रडतील, याला घालूनपाडून बोलतील, असं मला वाटलं. त्या हळूच म्हणाल्या, "एकच लेकरू किती वेळा घालवायचं रे मी?"

मला तिथे थांबवेना, पण नवऱ्याला एकटं सोडवेना. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता. त्याने त्यांना धरून कॉटवर आणलं, पायाशी बसला. प्लेयर आपला चालूच होता. "आई," म्हणाला, "आई, माझ्याशी बोल तरी."

"गप्प बस जरा," त्या म्हणाल्या. "तो बोलतोय."